गुलामांचा इतिहास मालकांच्या दप्तरात

(शहागड, ता. अंबड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



जुन्या कागदाची किंमत काय असते, हे मराठवाड्यात आज कोणाला शिकवण्याची गरज उरलेली नाही. २०२३ साली तुमच्याच तालुक्यातील अंतरवाली सराटीहून आरक्षणाचे आंदोलन उभे राहिले, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन दप्तरांवरची धूळ झटकली गेली. शोध थेट हैदराबादपर्यंत पोहोचला. ज्याला वर्षानुवर्षे कोणी विचारत नव्हते, तो मोडी वाचणारा माणूस एकाएकी कचेरीत मानाचा ठरला. त्या मागणीविषयी येथे बसलेल्यांची आपापली मते असतील. आज तो विषय नाही. मी एवढेच म्हणतो की कागदात नाव असणे आणि नसणे यावर जिवंत माणसांचे काय काय अवलंबून असते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांची नावे कागदात सापडतात, परंतु ती त्यांच्या हातची नाहीत. विकणाऱ्याने लिहिली आहेत, घेणाऱ्याने लिहिली आहेत, पराभूत करू पाहणाऱ्या शत्रूने लिहिली आहेत. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या काळ्या माणसांचा इतिहास युरोपच्या दप्तरखान्यांत आणि वस्तुसंग्रहालयांत कसा दडलेला आहे आणि गेल्या काही दशकांत तो कसा वर काढला जात आहे, हा आजचा विषय. संयोजकांनी तो सुचवला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने मला सरळ विचारले, "सर, लंडन-पॅरिसचा हा विषय शहागडला कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यात, रोषणगाव आहे. १६१६ साली तेथे मोगल फौजेने मलिक अंबरचा पराभव केला आणि तशीच पुढे जाऊन त्याने वसवलेली खडकी उद्ध्वस्त केली. हा मलिक अंबर इथिओपियात, सुमारे १५४८ साली जन्मलेला, चापू नावाचा मुलगा. लहानपणीच विकला गेला. येमेनच्या मोखा बंदरातून बगदादला, बगदादहून दख्खनला असा त्याचा प्रवास झाला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले, आणि तो चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच होता.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी तीसहून अधिक वर्षे अर्थशास्त्र शिकवले. भारताच्या आर्थिक इतिहासात मलिक अंबरची जमीन महसूल पद्धती हा परीक्षेचा हमखास प्रश्न असे. इजारदारीला आळा, जमिनीची पाहणी, प्रतवारीनुसार आकारणी, पिकातील हिस्सा आणि पुढे त्याचे रोखीत रूपांतर, गावच्या मिराशी हक्कांना मान्यता, असे मुद्दे मी फळ्यावर लिहून देत असे. ही पद्धती इतकी टिकाऊ ठरली की पुढच्या काळातही मलिकंबरी धाऱ्याचा दाखला दिला जाई आणि इंग्रजांच्या जिल्हा गॅझेटियरांनाही त्याची दखल घ्यावी लागली. हे सारे मी शिकवले. परंतु ज्याच्या बुद्धीतून ही व्यवस्था निघाली तो मनुष्य कधी काळी स्वतःच बाजारात मांडलेला एक माल होता, त्याचीही एक किंमत ठरली होती, हे मी एकदाही सांगितले नाही. पाठ्यपुस्तकात नव्हते, हे कारण पुरेसे नाही.

आता थोडे युरोपकडे वळू. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे चेस्टर बीटी यांचा प्रसिद्ध संग्रह आहे. त्यात अबुल हसन या जहांगीरच्या दरबारी चित्रकाराचे सुमारे १६१६ चे एक चित्र आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर, आणि समोर भाल्याच्या टोकावर खोचलेल्या एका काळ्या शिरावर तो बाण सोडतो आहे. ते शिर मलिक अंबरचे. हा प्रसंग कधीही घडला नाही. जहांगीरला मलिक अंबर आयुष्यात हाती लागला नाही. १६२६ साली, ऐंशीच्या घरात, तो नैसर्गिक मृत्यूने गेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. जे रणांगणात साधले नाही ते बादशहाने कागदावर करवून घेतले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मात्र हाशिम नावाच्या चित्रकाराने सुमारे १६२० मध्ये काढलेले त्याचे दुसरे चित्र आहे. त्यात स्थिर नजरेचा, पांढऱ्या वस्त्रातला एक वयस्क पुरुष उभा आहे. एकाच दरबारातील दोन चित्रकार, एकाच दशकातील दोन चित्रे. एकात मुंडके, दुसऱ्यात माणूस.

शब्दांचेही असेच. पीटर व्हान डेन ब्रुक हा डच कंपनीचा व्यापारी १६१७ साली दख्खनमधून जाताना मलिक अंबरला भेटला. त्याने त्याच्या चेहऱ्याचे, छावणीचे, शिस्तीचे वर्णन केले आणि व्यापाऱ्याच्या सवयीने तो लहानपणी केवढ्याला विकला गेला होता तेही टिपून ठेवले. जहांगीरच्या आत्मचरित्रात त्याचे नाव शिवीशिवाय क्वचितच येते. आणि त्याच दरबारचा बखरकार मुतमदखान त्याच्या मृत्यूची नोंद करताना मात्र कबूल करतो की युद्धात, राज्यकारभारात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता आणि हबशी गुलामाने एवढे पद गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. शत्रूच्या दप्तरातूनही सत्य निसटून बाहेर येते ते असे. फक्त वाचणारा हवा.

युरोपात आज वाचणारे तयार झाले आहेत, आणि ते आपोआप तयार झालेले नाहीत. ब्रिटनमधील कृष्णवर्णीय वस्तीने १९८१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात स्वतःचा दप्तरखाना सुरू केला, कारण सरकारी दप्तरात त्यांना आपले आजोबा सापडत नव्हते. २०१९ मध्ये पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने चित्रांतील काळ्या व्यक्तींवर प्रदर्शन भरवले. मारी-गिएमीन बेन्वा या चित्रकर्तीने १८०० साली काढलेले एका काळ्या स्त्रीचे चित्र दोन शतके केवळ तिच्या वंशाच्या नावाने ओळखले जात होते. त्या स्त्रीचे नाव मादलेन होते. प्रदर्शनात चित्राखाली ते लागले. ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये गुलामगिरीचा इतिहास दहा माणसांच्या आयुष्यांतून मांडला. ब्रिस्टल शहरात २०२० साली लोकांनी गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा उखडून बंदराच्या पाण्यात टाकला; पुढे तो रंग फासलेल्या अवस्थेतच, आडवा ठेवून संग्रहालयात दाखवण्यात आला. चौथऱ्यावर उभा असताना त्या पुतळ्याने जेवढा इतिहास शिकवला नसेल तेवढा आडवा झाल्यावर शिकवला.

परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या सगळ्यांहून महत्त्वाचे वाटते ते एक हिशेबाचे काम. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाली, हे आपण ऐकलेले असते. त्या वेळी दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई देण्यात आली, हेही काहींना ठाऊक असेल. ती कोणाला दिली? गुलामांना नव्हे, मालकांना. मुक्त झालेल्या सुमारे आठ लाख माणसांच्या हाती एक पैही पडली नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे राबवण्यात आले. ही रक्कम त्या वेळच्या ब्रिटिश सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के होती. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अवशेष २०१५ साली फिटला. म्हणजे गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांनी ब्रिटनमध्ये बस चालवून, रुग्णालयांत रात्रपाळ्या करून जो कर भरला, त्यातून त्यांच्या पूर्वजांच्या मालकांची भरपाई फेडली गेली.

भरपाई मागायची तर अर्ज करावा लागे. अर्जात मालकाचे नाव, मळा, गुलामांची संख्या आणि रक्कम येई. पैशाच्या लोभाने मालकांनी स्वतःच आपल्या गुन्ह्याची यादी करून ठेवली! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी सुमारे ४६ हजार दाव्यांचे हे कागद वाचून २०१३ मध्ये सर्वांना खुले केले. कोणती बँक, कोणता वाडा, कोणत्या रेल्वे कंपनीचे भांडवल या पैशातून उभे राहिले, हे आता शोधता येते.

आणि आपल्याकडे? त्याच १८३३ च्या कायद्यात ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळण्यात आला होता. येथे गुलामीवरील हक्काला कायद्याचा आधार काढून घेणारा कायदा १८४३ साली आला, आणि त्यात भरपाई नव्हती. मालकांना पैसे मिळाले नाहीत याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण भरपाई नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून यादी नाही, आणि यादी नाही म्हणून आपल्याकडे गुलाम नव्हतेच असे बिनदिक्कत म्हणण्याची सोय झाली.

ते होते. दख्खनच्या सुलतानांना नातेगोते नसलेले, केवळ धन्याशी बांधलेले सैनिक हवे होते; दरबारात दख्खनी आणि परदेशी सरदारांचे तट पडलेले असताना असा सैनिक मोलाचा ठरे. दुसऱ्या टोकाला, इथिओपियात हिंदुस्थानच्या सुती कापडाला मोठी मागणी होती. तांबड्या समुद्रावरच्या त्या व्यापारात सोने आणि हस्तिदंताबरोबर माणसेही देण्यात येत. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात मी बोलतो आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कापड येथून गेले आणि त्याच्या मोबदल्यात मुले आली. कोष्ट्याला आणि कुणब्याला त्यातले किती मिळाले असेल, याची कल्पना तुम्हीच करू शकता.

आता नाशिककडे चला. तेथे शरणपूर रोड सर्वांना माहीत आहे. शरणपूर नाव का पडले ते फार थोड्यांना माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून त्यांतील माणसे मुंबईला उतरवी. त्यातली अनेक मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत ठेवली जात. तेथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकवले जाई आणि बाप्तिस्मा देऊन नवे नाव ठेवले जाई. इंग्रजी कागदपत्रांत ही मुले "नाशिक बॉईज" म्हणून येतात. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रवासी आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने यांतील नऊ जण बरोबर घेतले. आणखी काही १८७२ मध्ये त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेत वारला. त्याच्या सोबत्यांनी हृदय तेथेच झाडाखाली पुरले, जेकबने ख्रिस्ती प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर मजकूर कोरला. मग त्यांनी वाळवलेला देह महिनोन्महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला हा एकमेव आफ्रिकन होता. त्या झाडाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपून ठेवला आहे. लिव्हिंगस्टनवर ग्रंथांचे ढीग रचले गेले; जेकबची स्वतःच्या हातची रोजनिशी संगणकावर सर्वांसाठी खुली झाली ती २०१९ मध्ये! त्याच सोसायटीने २००७ साली "बॉम्बे आफ्रिकन्स" या नावाने या मंडळींवर प्रदर्शन भरवले. मिशनची मूळ कागदपत्रे बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. नाशिकच्या या मुलांविषयी वाचायचे तर नाशिककराला बर्मिंगहॅमचे दार ठोठवावे लागते.

१८७३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. शूद्रातिशूद्रांचे दास्य आणि काळ्या माणसाचे दास्य या दोहोंतले नाते ओळखणारा असा माणूस त्या काळी जगातही विरळा. आपण ती अर्पणपत्रिका अभिमानाने सांगतो आणि अमेरिकेकडे बोट दाखवून थांबतो. पुण्याहून दीड-दोनशे किलोमीटरवर त्या वर्षी गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली माणसे राहत होती, ही गोष्ट आपल्या एकाही अभ्यासवर्गात मी ऐकलेली नाही. मी स्वतःही सांगितलेली नाही.

आपल्या भाषेने या माणसांना कसे लक्षात ठेवले आहे पाहा. हबशी हा शब्द आपल्याकडे दोन जागी उरला: एक शिवीत, दुसरा मिठायांच्या दुकानातील हबशी हलव्यात. शाळेच्या इतिहासात जंजिऱ्याचा सिद्दी येतो तो केवळ शत्रू म्हणून. सिद्दी जौहर पन्हाळ्याला वेढा घालतो, इतके पाठ असते. शिवाजी महाराजांच्या आरमारात सिद्दी मिस्री होता, अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे पाठ नसते. भोसले घराण्यातील मालोजी आणि शहाजी ज्या निजामशाहीत वाढले तिचा आधारस्तंभ मलिक अंबर होता; १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. मोगलांच्या अवजड फौजेला चपळ घोडदळाने सतावण्याची जी युद्धपद्धती आपण आपली म्हणतो, तिची शाळा या हबशी सेनापतीच्या छावणीत भरली होती.

आणखी एक गोष्ट. आपण शहाजीराजांविषयी बोलताना "त्यांनी" म्हणतो आणि मलिक अंबरविषयी "त्याने". जेकबविषयीही तेच. पुस्तकांतही तसेच असते आणि आता अर्धा तास मीही तसेच बोलत आलो, हे तुमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले असेल. ही सवय मोडली पाहिजे.

मलिक अंबरांनी १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावावरून केवढे रण माजले! दोन्ही बाजूंच्या भाषणांत शहर वसवणाऱ्याचे नाव मी क्वचितच ऐकले. त्यांनी जमिनीखालून खापरी नळांनी आणलेले पाणी, नहर-ए-अंबरी, शतकानुशतके त्या शहराची तहान भागवत होते. आज जायकवाडीहून पंप लावून आणलेले पाणी त्याच शहराला किती दिवसांआड मिळते ते तुमच्या नातेवाइकांना विचारा. नहरीचे मनोरे अतिक्रमणांत आणि रस्तारुंदीत कोसळत आहेत.

येथे एक इशाराही देतो. मलिक अंबरांना देव्हाऱ्यात बसवण्यासाठी मी आलेलो नाही. ते राज्यकर्ते होते. माणसे विकत घेऊन सैन्यात भरण्याची जी रीत होती ती, स्वतः तिच्यात भरडले गेले असूनही, त्यांनी मोडली नाही. गुलाम सत्तेवर आला म्हणजे गुलामगिरी जात नाही, हे समाजवाद्यांना तरी निराळे सांगायला नको. तसेच हौसेने इतिहास रचू नका. मघाशी एकाने मला विचारले की अंबड हे नाव मलिक अंबरवरून पडले का? नाही. अंबडची परंपरा ते नाव राजा अंबरीषाशी जोडते. आपल्याला हवा तसा पुरावा निर्माण करणे, हा तर ज्यांच्याशी आपले भांडण आहे त्यांचा धंदा.

कापसाचा भाव, पीकविमा, तरुणांची बेकारी हे प्रश्न सोडून हे कशाला, असे अजूनही कोणाच्या मनात असेल. डॉ. राममनोहर लोहियांना १९६४ साली अमेरिकेत मिसिसिपीमधील जॅक्सन शहरात रंगावरून उपाहारगृहात मज्जाव झाला आणि अटक झाली, हे आपण सांगत असतो. २०१७ मध्ये दिल्लीशेजारी ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, हे आपण विसरून गेलो. आपल्याच घरी मुलगी पाहायला जाताना रंग कसा विचारला जातो ते सांगण्याची गरज नाही. उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले. त्यांच्या जमिनीचा, जंगलाचा झगडा आणि येथील गायरानाचा झगडा यांत मला फरक दिसत नाही.

युरोपच्या संग्रहालयांना प्रश्न विचारणे सोपे आहे. ते दूर आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात बटकी आणि कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत. त्या बहुतेक आपल्याच मुलखातल्या बायका. पणजीच्या पुराभिलेखागारात मोझांबिकहून गोव्यात आणलेल्या गुलामांच्या नोंदी आहेत. हैदराबादला दख्खनच्या मोगल काळातील फारसी कागदांचा प्रचंड साठा आहे. आणि काही कागद या गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत, देशमुख-कुलकर्ण्यांच्या लाकडी पेट्यांत आहेत. माझ्या स्वतःच्या घरातील अशी एक पेटी, मी कॉलेजात अर्थशास्त्राचे धडे देत असताना, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याने वजनावर नेली. त्यात काय होते ते आता कधीच कळणार नाही.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. कुणबी नोंदींच्या निमित्ताने या तालुक्यात जे चार-पाच जण मोडी वाचायला शिकले आहेत, त्यांना एकत्र बसवा. ज्याच्या घरी जुने कागद असतील त्याने ते द्यायचे नाहीत, फक्त दाखवायचे. तेथेच बसून वाचायचे आणि नक्कल करून मूळ कागद परत पेटीत ठेवायचा. बटीक, गुलाम, हबशी, सिद्दी, खोजा, असे शब्द दिसले की गाव, साल आणि रक्कम वेगळ्या वहीत उतरवायची. जमीनदाराचे नाव नंतर लिहिले तरी चालेल. रविवारी दुपारी शाळेची एक खोली मिळेल असे येथील मंडळींनी मला सांगितले आहे. मोडीच्या बाराखडीचे एक पुस्तक आणि दोन कोऱ्या वह्या मी बरोबर आणल्या आहेत. त्या या टेबलावर ठेवून जातो.